दुर्बिणीखालची खाट

आवडाबाई आपल्या गरोदर सुनेला घेऊन दक्षिणेतल्या एका डोंगरावर जाऊन राहिली, त्या वर्षी चेंदणी कोळीवाड्यात आणि ठाण्याच्या मासळीबाजारात दुसरा विषय नव्हता. माणसं देवाला जातात, एकवीरेला तर सगळा कोळीवाडाच लोटतो. पण सुनेच्या कामासाठी सासूनं धंदा बंद ठेवून परमुलखात जायचं, हे कुणी ऐकलं नव्हतं. बाजारात शेजारी बसणाऱ्या रखमाबाईनं तर तोंडावरच विचारलं, की तुझी सून असं करते तरी काय. सुरमईचे तुकडे करता करता आवडाबाई म्हणाली, "आभालात एक दिवा हाय, झाकलेला. ती तो शोधते." रखमाबाईचं काही समाधान झालं नाही. खरं म्हणजे आवडाबाईचंही झालं नव्हतं. पण माहिती होतं तेवढं तिनं सांगितलं.

सून घरात आली होती ती चंदूमुळे. चंदू आवडाबाईचा एकुलता एक मुलगा. नवरा राघो चंदूच्या शाळेच्या वयातच गेला, तेव्हापासून आवडाबाईनं टोपली डोक्यावर घेऊन त्याला डिप्लोमापर्यंत शिकवलं. तो वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात बारीक यंत्रकाम करायचा. तिथे एक दिवस सुमेधा नावाची मुलगी कागदावर काढलेली एक आकृती घेऊन आली. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत ती पीएचडी करत होती. तिला पितळेची एक कडी हवी होती. कडीत स्फटिकाची पातळ चकती बसवायची आणि ती चकती फिरताना केसभरही डुगडुगायला नको, अशी अट होती. पहिली कडी सैल निघाली, दुसरी आवळली गेली. तिसरी अगदी बरोबर झाली, आणि तरीही सुमेधा पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. चंदूनं घरी येऊन आईला हे सांगितलं तेव्हा आवडाबाई काय समजायचं ते समजली.

सुमेधा डोंबिवलीची. वडील त्र्यंबकराव वारलेले, आई सुमतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलीनं कोळ्याच्या घरी लग्न ठरवलं, तेव्हा सुमतीबाईंनी विरोध केला नाही आणि लग्नालाही त्या आल्या नाहीत. त्यांच्या घरात मोठ्यानं नाही म्हणायची पद्धत नव्हती. रजिस्ट्रारच्या कचेरीत मुलीच्या बाजूनं तिच्या दोन मैत्रिणी उभ्या राहिल्या. आवडाबाईनं अंगभर दागिने घातले होते. त्या दिवशी सुमेधाच्या डोळ्यांत कुणालातरी शोधत असल्याची नजर तिनं पाहिली आणि ती तिच्या मनातून कधी गेली नाही.

सुरुवातीचे दिवस दोघींनाही अवघड गेले. सुमेधा मासळी खात नव्हती. आवडाबाईनं तिच्यासाठी वेगळा स्टोव्ह आणि वेगळी भांडी आणली, आणि घराला वास येतो असं पोरीला वाटत असेल या भीतीनं ती दिवसातून कितीदा तरी ओटा धुवायला लागली. सुमेधाला वाटायचं, आपल्यामुळे या बाईला तिच्याच घरात चोरासारखं वागावं लागतंय. शेवटी एकदा ती स्वतःच आवडाबाईशेजारी पाट घेऊन बसली आणि बोंबील कसे साफ करतात ते दाखवा म्हणाली. खाल्ले नाहीत, पण साफ केले. हात चांगलाच बसला तिचा. त्या दिवसापासून वेगळ्या भांड्यांचं कौतुक संपलं. फक्त सुमेधाचं "अहो आई" काही सुटेना. चंदू आईला "आये" म्हणून हाक मारायचा. सुमेधा मात्र शाळेतल्या बाईंशी बोलल्यासारखी बोलायची, आणि आवडाबाईला ते उगाचच टोचायचं.

आपल्या कामाबद्दल सुमेधा आपणहून बोलायची नाही, पण विचारलं की मात्र जीव ओतून सांगायची. एका रविवारी ते तिघं तलावपाळीला गेले होते. चंदूनं होडी घ्यायची टूम काढली. कोळणीनं पैसे मोजून होडीत बसायचं म्हणजे काय, असं आवडाबाई कुरकुरली, पण बसली. दुपार उतरत आलेली होती आणि पाण्यावर नजर ठरत नव्हती. सुमेधानं पर्समधून करड्या रंगाचा, काचेसारखा पारदर्शक एक तुकडा काढला आणि आवडाबाईच्या डोळ्यासमोर धरला. तो हळूहळू फिरवला, तशी पाण्यावरची सगळी चकाकी विरून गेली. खाली हिरवट पाणी दिसायला लागलं आणि त्यात एक मासा शेपटी हलवत उभा असलेला दिसला.

आवडाबाईनं तुकडा बाजूला केला, मासा गेला. पुन्हा धरला, मासा आला. असं तिनं बराच वेळ केलं. मग तिनं विचारलं, की हे घेऊन खाडीत गेलं तर मासळी दिसेल का. चंदू हसायला लागला. आपल्या खाडीच्या गाळात काय दिसणार, म्हणाला. सुमेधा हसली नाही. ती सांगत राहिली, की पाण्यावर आपटून जो उजेड येतो तो एकाच दिशेनं थरथरत येतो, साधा उजेड मात्र सगळ्या दिशांनी. हा तुकडा एका दिशेचा उजेड अडवतो आणि दुसऱ्या दिशेचा सोडतो.

"आता मी काय करते ते सांगते," ती म्हणाली. "इथे आपण चकाकी काढून टाकली आणि मासा बघितला. मी उलटं करते. बाकीचा सगळा उजेड बाजूला काढते आणि चकाकी तेवढी ठेवते."

मग तिनं ते सगळं उलगडून सांगितलं. खूप खूप लांबच्या काही दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट थव्यांच्या मध्यभागी, क्वेसार असतो. इतका तेजस्वी, की सगळे तारे एकत्र केले तरी त्याच्यापुढे फिके पडावेत. पण काही क्वेसारांच्या भोवती धुळीचं इतकं जाड कडं असतं की आपल्या बाजूनं बघितलं तर तो दिसतच नाही. मात्र त्याच्या तेजाच्या जोरानं वारा सुटतो आणि थोडी धूळ वर-खाली मोकळ्या बाजूंनी बाहेर फेकली जाते. दिव्याचा उजेड त्या उडत्या धुळीवर आपटतो आणि तिथून आपल्याकडे वळतो. आपटून आला म्हणजे तो एकाच दिशेनं थरथरणारा झाला. तेवढाच निवडून मोजता आला तर झाकलेल्या दिव्याबद्दलही कळतं आणि त्याच्या वाऱ्याबद्दलही.

"आणि सगली धूल उडून गेल्यावर?" आवडाबाईनं विचारलं.

"मग तो उघडा पडेल. पण त्याला इतका काळ लागतो, की आपल्यातलं कुणीच बघायला नसेल."

ज्या गोष्टीचा शेवट कुणालाच दिसणार नाही, तिच्यासाठी ही पोर रोज डबा घेऊन सकाळी निघते, एवढं आवडाबाईला त्या दिवशी कळलं. तिला ते वेडेपणाचं वाटलं आणि फार आवडलंही.

पुढे असं झालं की दक्षिणेतल्या मोठ्या दुर्बिणीवर सुमेधाला निरीक्षणासाठी काही रात्री मिळाल्या. आधी तिचे अर्ज नाकारले गेले होते. तिचा क्वेसार हिवाळा सरता सरताच नीट वर येतो, आणि चंद्राचा उजेडही आपटून आलेलाच असल्यामुळे तो मोजणीत मिसळतो. म्हणून रात्री हव्या होत्या त्या माघी अमावास्येच्या आसपासच्याच. त्या मिळाल्या. आणि नेमकी तेव्हाच तिला पाचवा महिना लागणार होता. पुढच्या वर्षी तिची शिष्यवृत्ती संपत होती. तिच्या मार्गदर्शक सरांनी समजुतीनं सांगितलं की दुसऱ्या कुणाला तरी ते कडी-चकतीचं उपकरण देऊन पाठवू. पण ते उपकरण तिनं स्वतः जुळवलेलं. चकती जरा घाईनं फिरवली की अडकते, हे तिच्याशिवाय कुणाच्या हाताला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की प्रवासाला हरकत नाही, पण एकटीनं जायचं नाही. चंदूच्या कारखान्यात मोठं काम अंगावर होतं. त्याला रजा मिळेना. तो मालकाशी भांडून आला, पुन्हा गेला, पुन्हा भांडून आला.

ही बातमी डोंबिवलीला पोचली आणि सुमतीबाई ठाण्याला आल्या. त्या घराची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. पांढरी इस्त्रीची साडी, हातात छत्री, चेहऱ्यावर वर्गात शिरतानाचा भाव. आवडाबाईनं त्यांना खुर्ची दिली आणि चहा ठेवायला ती आत गेली. आतून तिला सगळं ऐकू येत होतं. सुमतीबाई मुलीला डोंबिवलीला चल म्हणत होत्या. पहिलटकरीण आहेस, असल्या दिवसांत रात्रीची जागरणं करायची नसतात, म्हणत होत्या.

"आकाश कुठे पळून जात नाही, सुमेधा."

"आकाश नाही पळत, आई. मला मिळालेल्या रात्री पळतात."

आवडाबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मायलेकी दोन दिशांना बघत बसलेल्या. तिला रजिस्ट्रारच्या कचेरीतली सुमेधाची नजर आठवली. कप खाली ठेवता ठेवता ती म्हणून गेली, "मी जाते तिचे संगती."

चंदूनं चमकून आईकडे पाहिलं. सुमतीबाईंनी आवाज न चढवता विचारलं, की तुम्हाला तिकडची भाषा येते का.

"मना हितली तरी कुठं सगली येते," आवडाबाई म्हणाली.

सुमेधाला हसू फुटलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुमतीबाईंनी चहा अर्धा ठेवला आणि त्या उठल्या.

मद्रासकडची गाडी कल्याणला धरायची ठरली. चंदू सामान घेऊन आलेला. उपकरणाची लाकडी पेटी तो हमालाला हात लावू देईना. गाडी यायच्या जरा आधी सुमतीबाई फलाटावर येताना दिसल्या. डोंबिवलीहून आल्या होत्या, हातात स्टीलचा मोठा डबा. मुलीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, पण डबा तिच्याकडे दिला नाही. तो त्यांनी आवडाबाईच्या हातात ठेवला.

"बेसनाचे लाडू आहेत," त्या म्हणाल्या. "तिला रात्री भूक लागते. लहानपणापासून."

आवडाबाईनं डबा दोन्ही हातांनी घेतला. काही बोलावं असं तिला फार वाटलं, पण तेवढ्यात गाडी आली.

डोंगरावर चंदनाची झाडं होती, माकडं होती आणि पांढऱ्या घुमटांच्या इमारती होत्या. राहायला विश्रामगृहात एक खोली मिळाली. जेवणात रोज रस्सम आणि भात. आवडाबाईनं ट्रंकेच्या तळाशी सुकटीची पुडी लपवून आणली होती, पण गरोदर सुनेला वासानं मळमळेल म्हणून ती काही दिवस तशीच राहिली. चौकीदाराची बायको लक्ष्मी झाडलोट करायला यायची. तिला पुडीचा सुगावा लागला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण लक्ष्मीनं नाकानं हुंगल्यासारखं केलं, पोटावर हात फिरवला आणि मागच्या चुलीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी विश्रामगृहाच्या मागे सुकट भाजली गेली. तिथून पुढे आवडाबाईला परक्या मुलखात असल्यासारखं वाटलं नाही.

सुमेधा रात्रभर दुर्बिणीपाशी असायची आणि दिवसा झोपायची. आवडाबाई काठी घेऊन दाराबाहेर बसायची. माकडं, आचाऱ्याची भांडी, मोठ्यानं बोलणारे साहेब, कुणालाही ती दारापाशी आवाज करू देत नव्हती. पण एवढी राखलेली झोप वायाच जात होती, कारण आभाळ उघडत नव्हतं. या दिवसांत इथे ढग येत नाहीत, असं सगळे सांगत होते, आणि ढग येत होते. सुमेधा घुमटाखाली नुसती बसून परत यायची. चेहरा उतरत चालला, पाय सुजायला लागले. रात्री हातातून निसटत गेल्या, तशी ती आवडाबाईशीसुद्धा बोलेनाशी झाली.

शेवटच्या रात्रीच्या आदल्या दिवशी तिच्या कंबरेतून कळ आली. संस्थेच्या जीपमधून आवडाबाई सुनेला खालच्या गावात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. बाळ ठीक आहे, म्हणाल्या. घाबरण्यासारखं काही नाही, पण परतीच्या प्रवासापर्यंत आडवं पडून राहायचं, जिने चढायचे नाहीत, उभं राहायचं नाही. इंग्रजीतलं ते सगळं सुमेधानं सासूला मराठीत सांगितलं, काही न लपवता. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं.

सुमेधा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुर्बिणीपाशी जायला मोठा जिना चढावा लागायचा. ती न वळताच म्हणाली, "आये, तू सांग. तू म्हणशील ते मी करीन."

तिनं "तू" म्हटलं, हे आवडाबाईच्या कानांनी टिपलं, पण आनंद करायला वेळ नव्हता. चंदूच्या आधीचं एक पोर तिच्या पोटातच गेलं होतं, डोक्यावर टोपली असताना, बाजारच्या वाटेवर. राघोशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं. चंदूलाही तिनं कधी सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, घरी का नाही बसलीस. तिलाही पुढे कितीतरी वर्षं तेच वाटत राहिलं होतं. आता नको म्हणावं, दार लावून घ्यावं आणि उद्या गाडीत बसावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. मग तिनं सुनेच्या पाठीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. नुसती पडून होती, आणि नुसतं पडून राहणं तिला किती जड जातंय ते त्या पाठीवर दिसत होतं.

"डाक्टरीण काय बोलली?" आवडाबाईनं विचारलं.

"आडवी पडून राहा."

"कुठं पड, ते बोलली?"

सुमेधानं वळून पाहिलं.

आवडाबाई तोवर बाहेर गेली होती. तिनं लक्ष्मीच्या नवऱ्याला आणि माळ्याला हाताला धरून आणलं, सुनेला उठवून वेताच्या खुर्चीत बसवलं आणि खाटेकडे, मग मोठ्या घुमटाकडे बोट दाखवलं. दुर्बिणीचे मुख्य साहेब धावत आले. घुमटाखाली खाट नेणं नियमात नाही, असं ते इंग्रजीत, मग तमिळमध्ये आणि शेवटी मोडक्या हिंदीत सांगू लागले. आवडाबाईनं त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. बाजारात गिऱ्हाइकाचं ऐकून घेतात तसं. मग ती त्या दोघा माणसांना म्हणाली, "उचला."

त्यांनी खाट उचलली. कुणाला मराठी येत नव्हती, पण तो आवाज कळायला मराठी यावी लागत नव्हती. खाट वर गेल्यावर चौघा जणांनी सुमेधाला खुर्चीसकट जिन्यावरून नेलं. ती लाजेनं अर्धमेली झाली होती आणि तिचं हसू थांबत नव्हतं. मुख्य साहेब काही वेळ खाली उभे राहिले. मग स्वतःच्या खोलीतली जाड कांबळी त्यांनी वर पाठवून दिली.

आत कंट्रोल रूममध्ये लाल दिवा होता. वर घुमट उघडला त्याची मोठी घरघर झाली आणि थंडी आत आली. सुमेधा खाटेवर पडूनच सांगत होती आणि दुर्बिणीवरचा सहायक चकती एकेका खुणेवर फिरवत होता. हळू, अजून हळू, म्हणून ती त्याला समजावत होती. चकती फिरली की मोजलेला उजेड किंचित वाढायचा, किंचित कमी व्हायचा. त्या चढउतारातच तिचं सगळं होतं. आवडाबाई खाटेच्या पायगतीला बसून तिचे सुजलेले पाय चोळत होती. अंधार थोडाच उरलेला असताना सुमेधानं दुर्बीण क्वेसारावरून काढून शेजारच्या साध्या ताऱ्यांकडे वळवायला सांगितली, तेव्हा सहायक कुरकुरला. कशाबशा मिळालेल्या रात्रीतला वेळ ताऱ्यांवर का घालवायचा, असं त्याचं म्हणणं. सुमेधानं ऐकलं नाही. आपल्या आकाशगंगेतही धूळ आहे, ती उजेडात किती भेसळ करते ते याच ताऱ्यांवरून कळेल, नाहीतर उद्या माझ्या आकड्यांवर माझाच विश्वास बसणार नाही, असं तिनं त्याला सांगितलं.

मधेच आवडाबाईनं विचारलं, "दिसला?"

"डोळ्यांना नाही दिसत तो, आये. आकडे नंतर सांगतील."

एवढं लोखंड उभारून डोळ्यांना दिसत नाही म्हणजे कमाल झाली, असं आवडाबाईला वाटलं. पण पोरीचा आवाज स्वच्छ होता, इतक्या दिवसांत नव्हता इतका. त्याच्यावर तिनं भागवून घेतलं. पहाटे तिला बसल्या जागी डुलकी लागली. जाग आली तेव्हा घुमट मिटत होता आणि सुमेधा खाटेवर पडल्या पडल्या डोंबिवलीच्या डब्यातला शेवटचा लाडू खात होती.

मुलगी झाली ती श्रावणात, डोंबिवलीला, पद्धतीप्रमाणे माहेरी. आवडाबाई एक दिवसाआड ठाण्याहून जायची. सुमतीबाई दार उघडायच्या, ताट वाढायच्या, बाळाला तिच्या मांडीवर द्यायच्या. बोलणं बेताचंच व्हायचं, पण चहाचे कप आता दोन्हीकडचे रिकामे होत होते. पाळण्याशेजारी सुमेधाचे आकड्यांचे कागद पसरलेले असायचे. बाळ झोपलं की ती हिशेब करायची. आपल्या आकाशगंगेच्या धुळीचा वाटा वजा केला, तरी एका दिशेनं थरथरणारा उजेड बराच उरला. निळ्या रंगात तो जास्त होता, म्हणजे ज्यावर तो आपटला ती धूळच होती. आणि त्याची दिशा परदेशातल्या दुर्बिणीनं टिपलेल्या एका फिकट, पंख्यासारख्या पसरलेल्या उजेडाशी जुळत होती. झाकलेला दिवा खरंच होता आणि त्याच्या वाऱ्यानं धूळ बाहेर पडत होती. हे सगळं तिनं पहिल्यांदा चंदूला सांगितलं. त्यानं विचारलं, की कडीनं त्रास तर दिला नाही ना.

निबंध छापायला पाठवला तेव्हा एका परीक्षकानं हरकत घेतली की ही सगळी आपल्याच आकाशगंगेच्या धुळीची करामत असेल. सुमेधानं शेजारच्या ताऱ्यांचे आकडे पाठवून दिले आणि निबंध छापून आला.

पुढच्या वर्षी पीएचडीची तोंडी परीक्षा मुंबईत झाली. सभागृह माणसांनी भरलेलं. चंदू पुढच्या रांगेत नवा शर्ट घालून बसला होता. मागच्या रांगेत आवडाबाई आणि सुमतीबाई, मांडीवर बाळ. सुमेधानं बोलायला सुरुवात केली आणि बाळानं सूर लावला, म्हणून दोघी तिला घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये आल्या. एका बाकावर बसल्या. सुमतीबाईंनी दुधाची बाटली काढली, आवडाबाईनं पोरीला मांडीवर आडवी घेतली. आतून सुमेधाचा आवाज येत होता, मधेच कुणीतरी प्रश्न विचारत होतं, पुन्हा तिचा आवाज येत होता.

दूध पिऊन बाळ झोपलं. सुमतीबाई बाटलीचं झाकण लावत बसल्या, ते लावून झालं तरी लावत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एक विचारू का? तिला विचारायचं राहून गेलं माझ्याकडून. आता इतक्या दिवसांनी विचारायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "हे नेमकं काय शोधलं तिनं?"

आवडाबाईला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. पण सुमतीबाईंचा चेहरा तसा नव्हता. म्हणून तिनं सांगायला सुरुवात केली. तलावपाळीवरचा मासा सांगितला, धुळीचं कडं सांगितलं, वारा सांगितला. हातानं पंखा करून दाखवला. सुमतीबाई मान हलवत ऐकत होत्या, मधे मधे अडवून विचारत होत्या. उजेड एका दिशेनं थरथरतो म्हणजे नक्की काय थरथरतं, या प्रश्नापाशी दोघी अडकल्या. आवडाबाईनं दोरीसारखं काहीतरी असेल म्हणून बघितलं. सुमतीबाईंनी शाळेतलं विज्ञान आठवून पाहिलं, पण जमेना.

"ते मना बी नाय कललं," आवडाबाईनं कबूल केलं. "तिलाच इचारू."

"दोघी मिळून विचारू," सुमतीबाई म्हणाल्या, आणि बाळाच्या पायातला निसटलेला मोजा त्यांनी वाकून नीट केला.

आत टाळ्या झाल्या. दार उघडून सुमेधा बाहेर आली, दमलेली, केस विस्कटलेले, आणि सगळ्यांत आधी तिनं विचारलं, की खायला काही आणलंय का कुणी.